पिरंगुटच्या खोक्यांना पाइन कुठून येते?

प्रश्न : पिरंगुटच्या कारखान्यांत यंत्रांसाठी खोकी आणि पॅलेट लागतात, ती बहुतेक पाइनची असतात. थेट ताम्हिणीपर्यंत मुळशीचे रान पसरलेले असताना हे लाकूड परदेशातून का आणायचे? आणि चीन ते आपल्यापेक्षा जास्त आणतो की कमी?
— एक वाचक, पिरंगुट

उत्तर : मुळशीच्या रानात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा आहेत, पाइनच्या जातीचे झाड तिथले नव्हे. खोक्याला हलके, सरळ, खिळा सहज घेणारे आणि स्वस्त लाकूड लागते. पाइन तसे असते आणि आपल्या देशात ते मुख्यतः हिमालयात वाढते. पण चिपको आंदोलनानंतर 1981 मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या डोंगरांत एक हजार मीटरच्या वरची हिरवी झाडे तोडण्यावर बंदी आली. पुढे 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात देशभरच्या जंगलतोडीला लगाम घातला. हे व्हायलाच हवे होते. मात्र लाकडाची गरज तशीच राहिली आणि ती गुजरातच्या कांडला बंदरात उतरणाऱ्या परदेशी लाकडावर भागू लागली.

चीनमध्येही जवळपास याच सुमारास असेच घडले. 1998 मध्ये यांगत्सेला महापूर आला आणि सरकारने नैसर्गिक जंगलांतली तोड आवरली. इथपर्यंत दोन्ही देशांची गोष्ट सारखी आहे. पुढे चीनने प्रचंड बांधकाम काढले आणि त्याच्या सेंटरिंगला न्यूझीलंडचे रेडिएटा पाइन मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. 2021 मध्ये चीनने पाइनसारख्या मऊ लाकडाचे सुमारे 5 कोटी घनमीटर ओंडके आणले. घरबांधणी कोसळताच 2022 मध्ये तो आकडा 3 कोटींच्या आसपास आला.

आपली आयात याच्या कितीतरी पट कमी. आपण बाहेरून आणत आलो ते मुख्यतः सागवान आणि मलेशियाचे कठीण लाकूड, दारे-खिडक्यांसाठी. पाइन येते ते खोक्यांना आणि सेंटरिंगला. न्यूझीलंडकडून होणारी आपली आयात घसरली, तेव्हा कारण मागणीचे नव्हते. ओंडक्यांतली कीड मारायला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असावी, ही आपली अट होती. हा वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून न्यूझीलंडने 2021 पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध आणले आणि तो व्यापार जवळजवळ आटला. उरुग्वेच्या पाइनला त्यामुळे वाट मिळाली.

तुलना करताना नुसते ओंडके मोजू नका. 1 जानेवारी 2022 पासून रशियाने मऊ लाकडाचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले, पण कापलेल्या फळ्या चीनला जातच राहिल्या. ओंडक्यांच्या तक्त्यात त्या दिसत नाहीत.

पाइन कुठले हे ओळखायला खोक्यावरचा कीडमुक्तीचा शिक्का पाहाल, तर तोही जपून वाचावा. गव्हाच्या कणसाच्या खुणेशेजारी देशाची दोन अक्षरे असतात आणि ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंशांवर किमान 30 मिनिटे तापवला. ती अक्षरे लाकूड कुठे तापवले तेवढेच सांगतात. परदेशी पाइन इथे तापवले की शिक्का भारताचाच बसतो. उलट, यंत्राभोवती खोके म्हणून आलेले पाइन लाकूड-आयातीच्या आकड्यात धरलेच जात नाही. मग ते सुटे करून कुणी त्याचा पलंग केला तरी.