उन्हाळ्यातील डोह व नदीचे मासे

एकाच नदीत घाटमाथ्याखाली जो मासा सापडतो, तो दहा कोस खाली सापडेलच असे नाही. पाण्याची गती, उष्णता, पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि तळाचे स्वरूप यांवर माशांचे वसतिस्थान ठरत असते.

सह्याद्रीतून पूर्वेस वाहणाऱ्या मुळा, मुठा, नीरा या नद्यांच्या वरच्या भागात पाणी खडकांवरून खळाळत येते व खळाळताना हवा शोषून घेते. अशा स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या तळावर महसीर वाढतो. दख्खनच्या महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरूनच. सपाटीवर प्रवाह मंदावतो व गाळ बसू लागतो. तेथे मरळ व वाम यांचे राज्य असते. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची पोकळी असल्याने ती पृष्ठभागी येऊन श्वास घेते व कोंदट पाण्यातही तग धरते. तेव्हा ‘डोहात मरळ आहे, म्हणजे पाणी चांगले’ हा समज बरोबर नव्हे.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. २० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच. याच सुमारास धार तुटते आणि नदीभरचे मासे थोड्याशा डोहांत गोळा होतात. रात्री शेवाळ व पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. त्यातच कारखान्याची मळी पाण्यात येऊन कुजू लागली, की उरलासुरला प्राणवायूही संपतो. पहाटे मासे तोंड वर करून हवा गिळताना दिसणे हे या संकटाचे लक्षण होय. ते पाणी माणसांच्या व गुरांच्याही पिण्यात असेल, तर त्याची तपासणी ताबडतोब करवून घ्यावी.

डोहात तगलेले मासे हेच पुढील वर्षाचे बियाणे असते. पहिल्या पुरात यांपैकी कित्येक जाती वरच्या अंगास चढून अंडी घालतात. एका आठवड्याच्या उसाच्या पाण्यासाठी इंजिन लावून डोह तळापर्यंत उपसला, तर हे बियाणेच नष्ट होते. सुरुंग व विष यांनी तर पिलेही उरत नाहीत; १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच हे प्रकार गुन्हा ठरविले आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फाल्गुनातच शिवारातील बारमाही डोहांची यादी करावी. त्यांपैकी निदान एक डोह पाऊस पडेपर्यंत न उपसण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा, आणि काठची झाडे तोडू देऊ नयेत. त्यांच्या सावलीने पाणी कमी तापते.