इन्स्ट्रक्टर व्हायला किती लागतात?

असोद्याचं नाव घेतलं की लोकांना बहिणाबाई आठवतात, नाहीतर भरिताची वांगी. स्कूबा डायव्हिंग कुणालाच आठवत नाही, आणि त्यात नवलही नाही. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी मी सुट्टीत गावी आलो की एखादा पोरगा गाठतोच : "काय भो, इन्स्ट्रक्टर व्हायला किती लागतात?" त्याला एक आकडा हवा असतो. तो आकडा शेवटी देतो, पण तो कशाकशाचा बनतो हे आधी पाहू.

१. आधी डॉक्टर, मग फी.
कान, सायनस, दमा, हृदय, फिट्स यांची विचारणा करणारा फॉर्म पहिल्याच कोर्सला भरावा लागतो. इन्स्ट्रक्टर कोर्सला तर गेल्या बारा महिन्यांतली डॉक्टरांची सही लागतेच. दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. ज्याचा कान त्या दाबाशी जुळवून घेत नाही, त्याला ही गोष्ट जळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे काही शे रुपयांत समजू शकते. तीच अंदमानात समजली, तर जाण्यायेण्याचं भाडं आणि फी, दोन्ही पाण्यात.

२. विहिरीतलं पोहणं कामाला येतं, पण अर्धंच.
मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराला पाण्याची भीती नसते, ही मोठीच कमाई. पण डाइव्हमास्टरच्या कोर्सला ४०० मीटर सलग पोहणं, १५ मिनिटं एका जागी तरंगणं, स्नॉर्कल लावून ८०० मीटर जाणं आणि दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढून नेणं, एवढं वेळ लावून तपासतात. विहिरीत ही लांबी मिळत नाही. शहरातल्या तरण तलावाची महिन्याची फी हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वसूल होणारा खर्च. शिवाय विहिरीत सूर मारून दम कोंडायची सवय मोडावी लागते. दहा मीटरवर सिलिंडरमधून फुप्फुसात घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास कोंडून वर येणाऱ्याचं फुप्फुस फाटू शकतं.

३. एकदम सगळ्या पायऱ्यांचे पैसे भरू नका.
ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर, मग इन्स्ट्रक्टरचा कोर्स आणि परीक्षा, असा हा जिना. 'शून्यापासून इन्स्ट्रक्टर' अशी पॅकेजं मिळतात, थोडी स्वस्तही पडतात. तरी आधी फक्त ओपन वॉटर करा. साधारण २५ ते ३५ हजारांत १८ मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड मिळतं, आणि हे काम आपल्याला आवडतं की नुसता त्याचा व्हिडिओ आवडतो, याचा निकाल लागतो. त्यासाठी अंदमान गाठायचीही गरज नाही. एमटीडीसीची स्कूबा संस्था मालवणजवळ तारकर्लीलाच आहे; सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुळकर्णी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. जळगावहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी. मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात, तो कोर्स नव्हे. ती हौस, त्याने पुढची पायरी उघडत नाही.

४. फीपेक्षा डाइव्ह महाग.
हा मुद्दा कुणीच आधी सांगत नाही. पाडी या संस्थेच्या नियमाने इन्स्ट्रक्टर कोर्सला बसायला ६० डाइव्हची नोंद लागते आणि परीक्षेला बसायला १००. कोर्समधले डाइव्ह त्यात धरले जातात, पण ते थोडे. ओपन वॉटरचे चार, ॲडव्हान्स्डचे पाच. उरलेले कुठून आणणार? बोटीसकट एका डाइव्हचे दोन-चार हजार धरले, तर नुसती शंभरी गाठण्याचा खर्च इन्स्ट्रक्टर कोर्सच्या फीपुढे जातो. केळीच्या बागेचा हिशेब कुणी नुसत्या रोपांच्या पैशांवर करत नाही. खत, ठिबक, मजुरी आणि घड निघेपर्यंतचं वर्ष त्यात येतंच. इथेही फी म्हणजे फक्त रोपं.

५. इंटर्नशिप फुकट नसते.
डाइव्ह स्वस्तात मिळवायचा रस्ता म्हणजे एखाद्या सेंटरवर डाइव्हमास्टर इंटर्न होणं. तुम्ही राबायचं, त्यांनी डाइव्ह द्यायचे. पहाटे कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरा, पंधरा-पंधरा किलोंचे ते बोटीवर चढवा, परत आल्यावर सगळं साहित्य गोड्या पाण्यात धुवा. शिकायला याहून चांगली जागा नाही. पण जाण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या : किमान किती डाइव्ह मिळणार, राहणं-जेवण कुणाकडे, पुस्तकं आणि प्रमाणपत्राचे पैसे वेगळे का, आणि मधेच सोडलं तर काय परत मिळणार. एका सेंटरवर मला यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर आठवड्याला बदलून मिळत होतं. जेवणाचे पैसे गावाहून मागवावे लागले.

६. इंग्रजीचा खर्च धरा.
परीक्षेत भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, साहित्य, कौशल्यं व पर्यावरण आणि डाइव्हचं नियोजन, असे पाच भाग असतात. प्रत्येकात ७५ टक्के हवेत. नियमांचा पेपर वेगळा. शिवाय परीक्षकासमोर वर्गात, तलावात आणि समुद्रात शिकवून दाखवायचं. मराठी शाळेतल्या पोराला पास्कलचा नियम येत नाही असं नाही; तो इंग्रजीत, घाबरलेल्या पाहुण्याला, दोन मिनिटांत समजावणं येत नाही. हा सराव पैशांनी कमी आणि वेळेने जास्त खातो. मी कापूस वेचणाऱ्या बायांसमोर बांधावर उभा राहून इंग्रजीत ब्रीफिंग द्यायचो. त्या हसायच्या, पण हसणाऱ्या लोकांपुढे न अडखळता बोलायची तीच खरी तालीम झाली.

७. साहित्य एका दमात घेऊ नका.
मास्क आणि फिन्स आधी, मग डाइव्ह कॉम्प्युटर, वेटसूट, रेग्युलेटर, आणि शेवटी बीसीडी, म्हणजे तरंगणं सांभाळणारं जाकीट. बहुतेक माल आयातीचा, त्यामुळे पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो. रेग्युलेटर वापरलेला मिळतो, पण त्याची सर्व्हिस कधी झाली याचा कागद नसेल तर घेऊ नका. त्यावर आपला श्वास चालतो.

८. पास झाल्यावरही मीटर चालूच.
दरवर्षी सभासदत्व भरलं नाही तर शिकवता येत नाही. विमा, प्रथमोपचार शिकवण्याचं प्रमाणपत्र, रेग्युलेटरची सर्व्हिस, हे वेगळं. परीक्षेची आणि सभासदत्वाची रक्कम परदेशी चलनात ठरते, म्हणून रुपया घसरला की आपलं बिल चढतं. आणि कमाईचे महिने मोजा. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यामुळे पगाराला बाराने नाही, आठाने गुणा. पावसाळ्यात मी गावीच असतो; बागेत हात लागतात, आणि घरात त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

९. घरच्यांना पूर्ण आकडा सांगा.
सगळे कोर्स, परीक्षा, शंभर डाइव्ह, साहित्य, प्रवास, राहणं-जेवण मिळून पाच ते सहा लाख धरून चला, आणि त्यात वर्षभर न कमावण्याचं नुकसान मिळवा. सुरुवातीच्या पगारातून हे फिटायला काही हंगाम लागतात. आमचे आप्पा एवढंच म्हणाले होते, "पह्यले हिशोब मांड, मंग पान्यात उतर." कागदावर मांडलेला आकडा बघून ते घाबरले नाहीत, पुढे तो फुगला असता तर मात्र घाबरले असते.

आणि हिशेब जुळलाच नाही, तर ओपन वॉटरवर थांबा. वर्षातून एकदा तारकर्लीला जा, मासे बघा, घरी या. समुद्रावर प्रेम करायला इन्स्ट्रक्टरचं कार्ड लागत नाही. पोट भरायचं असेल तरच ते लागतं.