अठरा वर्षे पूर्ण झाली, पुढे कोण?



गेल्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला. बालगृहात वाढलेला, वय एकोणीस, कारखान्यात कामाला. भाड्याची खोली मिळत होती. परंतु घरमालक ओळखीच्या दोन माणसांची नावे मागत होता. "फादर, माझ्या ओळखीचं कोण आहे?" त्याने विचारले. मिस्साची वेळ झाली होती. आम्ही "सोमवारी ये" म्हटले. तो पुन्हा आला नाही. त्याचा फोन नंबर घेण्याचेही आम्हाला सुचले नाही. ती चूक मनाला लागून राहिली आहे, म्हणून आजचा हा पाठ.

कायदा काय देतो?

अठराव्या वर्षी बालगृह सोडणाऱ्या मुलामुलींना समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे (कलम ४६). २०१६ च्या नियमांनुसार ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत व अपवाद म्हणून आणखी दोन वर्षे मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी दरमहा ४,००० रुपये ठेवले आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी.

कायदा काय देऊ शकत नाही?

आपली मुले अठराव्या वर्षी घर सोडतात का? नोकरी गेली, ताप आला, तर ती आईकडेच येतात. मनुष्य स्वभावतःच इतरांसोबत राहणारा आहे, असे ॲरिस्टॉटलने मांडले व संत थॉमस अक्वायनस यांनी ते स्वीकारले. तेव्हा स्वावलंबी होणे म्हणजे एकटे पडणे नव्हे. ज्याच्या पाठीशी कोणी आहे, तोच धीराने पुढे पाऊल टाकतो. संत याकोबही आपल्या पत्रात अनाथांना नुसते दान द्या असे म्हणत नाही. त्यांच्या दुःखात त्यांच्याकडे जाण्यास सांगतो.

संत डॉन बॉस्को यांचा धडा

तुरीन शहरात काम शोधत आलेल्या मुलांना डॉन बॉस्को यांनी केवळ जेवण व निवारा दिला नाही. १८५२ साली एका सुताराकडे शिकाऊ मुलगा ठेवताना लेखी करार झाला. मालकाने मुलाला मारू नये, चुकल्यास शब्दांनीच समजवावे, सणावारी सुट्टी द्यावी, अशा अटी त्यात होत्या. त्या कागदावर डॉन बॉस्को यांची स्वतःची सही आहे. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाला तरी दुसरे काय हवे होते?

आपण काय करावे?

१. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने अशा एका तरुणाची वा तरुणीची जबाबदारी घ्यावी. बालगृहाच्या अधीक्षकांमार्फत ओळख करून घ्यावी. धर्म विचारू नये.

२. बँकेचे खाते, रेशनकार्ड, खोलीचा करार, दवाखाना यांसाठी कोणीतरी सोबत जावे.

३. ज्यांचा कारखाना वा दुकान आहे, त्यांनी काम शिकवावे व ठरलेला पगार वेळेवर द्यावा.

४. सणाला घरी जेवायला बोलवावे. आणि सण सरल्यावरही विचारपूस करावी.

चिंतनासाठी: आपल्या नावाचा आधार आपण कोणाला देऊ शकतो?

तो तरुण कोणाला भेटला, तर त्याला लगेच घेऊन या. सोमवारची वाट पाहू नका.