ध्वनिक्षेपकाची तीन रूपे

विलेपार्ल्यात लोकमान्य सेवा संघाची स्थापना १९२३ साली झाली. आज घरोघर दिसणारा शंकूचा ध्वनिक्षेपक तेव्हा जन्मालाही आला नव्हता. राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनी तो १९२५ साली जगापुढे मांडला. आता त्याच पार्ल्यात उत्सवाचा मांडव, नाट्यगृह आणि घरातील बैठक या तिन्ही ठिकाणी ध्वनिक्षेपक असतो. मात्र एकच यंत्र तिन्ही ठिकाणी शोभत नाही.

शंकूच्या ध्वनिक्षेपकात चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. विद्युत्प्रवाह बदलेल तसे ते पुढेमागे हलते व त्याला जोडलेला शंकू हवेला ढकलतो. शंकूच्या पाठीमागून निघणाऱ्या लहरी पुढच्या लहरींना मारक ठरतात, म्हणून तो पेटीत बसवितात. डग्ग्याचा घुमारा टिकतो तो या पेटीमुळेच.

कर्ण्यात लहानशी चकती अरुंद नळीतून हवा हलविते, आणि ती नळी धोत्र्याच्या फुलाप्रमाणे रुंदावत जाते. थोड्या विजेत आवाज दूरवर पोचतो. स्थानकावरील सूचनेस तो उत्तम. गाण्यास नव्हे, कारण त्यात खर्ज उतरत नाही. ज्या गुणामुळे तो सभेला उपयोगी, त्याच गुणामुळे शेजारच्या आजाऱ्याला जाच होतो. सन २००० च्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल ठरविली, ती काही उगाच नव्हे!

तिसरे रूप सपाट. त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी एक ब्रिटनमधील पीटर वॉकर यांनी १९५७ साली ‘क्वाड’ या नावाने विक्रीस आणला. त्यात केसाहून पातळ असा प्लास्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये, तबल्याच्या पुडीसारखा, ताणून बसविलेला असतो. पडद्यावर विद्युद्भार असतो. पत्र्यांवरील विद्युद्दाब बदलला की ते पडद्याला ओढतात वा लोटतात. शंकूला एका जागी ढकलावे लागते. पडदा सर्वांगाने एकदम हलतो, आणि अतिशय हलका असल्याने स्वर थांबताच तोही थांबतो. तानपुऱ्याच्या तारांची बारीक जवारी अशा पडद्यावर फार स्वच्छ उमटते.

परंतु पेटी नसल्याने पुढच्या व मागच्या लहरी एकमेकींना गिळतात आणि डग्गा क्षीण वाटतो. पडद्याला हलण्यास जागा थोडी, म्हणून मांडवाला पुरेल एवढा आवाज त्यातून निघत नाही. शिवाय विद्युद्भार धूळ ओढून घेतो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तो झिरपूनही जातो; पार्ल्याचा पावसाळा त्याला मानवणारा नव्हे. मागे जाणारा आवाज भिंतीवरून लगेच परतू नये, म्हणून हा ध्वनिक्षेपक भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढून ठेवावा लागतो. मुंबईच्या घरात नेमकी तेवढीच जागा दुर्मीळ असते.