हळदीचा पैसा आणि मांडवाची उंची

वसमतची हळद नावाजलेली. 2024 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या मुलखातली हळद 'वसमत हळद' म्हणून विकता येत नाही. नऊ महिने रानात राबायचे, मग हळद शिजवायची, वाळवायची, घोळायची. एवढ्या कष्टाचा पैसा उन्हाळ्यात हाती येतो, अन् तेव्हाच लग्नसराई असते. हळद विकायची आणि त्याच पैशात पोरीला हळद लावायची!

आता आम्ही एक हिशेब मांडतो. समजा, एका आळीत दहा घरे आहेत. सगळ्यांच्या लग्नात वरणभात आणि एक गोड. कोणाची मान खाली नाही. मग सर्वांत मोठ्या शेतकऱ्याने बँड आणला, पाच पक्वान्ने वाढली. त्याला ते पेलले. शेजारी म्हणाला, "आपण मागं राहिलो तर लोक काय म्हणतील?" त्यानेही तेच केले. असे करता करता दहाव्याने सावकाराचे दार गाठले. आता दहाही घरी पाच पक्वान्ने. मान कोणाचा वाढला? कोणाचाच नाही. दहाव्याचे रान मात्र गहाण पडले.

शेजाऱ्याच्या कणगीत ज्वारी आली, म्हणून आपली भाकर लहान होत नाही. मान मात्र शेजाऱ्याच्या मापानेच मोजतात. म्हणून संपत्तीची वाटणी ठरवताना नुसते पोट पाहून चालत नाही. गरिबाच्या घरी हजार रुपये गेले, तर चूल पेटते. श्रीमंताच्या घरी गेले, तर मांडव हातभर उंच होतो, आणि त्या उंचीचा भार खालच्यांवर पडतो.

मग वाटणी सारखी केली, की ईर्षा संपेल? नाही संपणार. भावकीतली चढाओढ पाहा ना! पैसा कशात घालतो, तेही पाहावे लागते. विहीर, शाळा, दवाखाना सगळ्यांना मिळाला, तरी कोणाच्या वाट्याचा गुण कमी होत नाही.

एकट्याने साधे लग्न केले, तर लोक म्हणतात, "ह्याच्यापाशी काही नाही." म्हणून सर्वांनी मिळून थांबावे लागते. महात्मा फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापला. त्या समाजाने कमी खर्चाची लग्ने लावली. 1961 च्या कायद्याने हुंडा घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हे ठरवले. सामुदायिक लग्नात मांडव एक, पंगत एक. पत्रावळीवरून बापाची ऐपत कळत नाही. पण मोठ्या घरची लग्ने तिथे सहसा लागत नाहीत. म्हणून 'गरिबाचे लग्न' हा शिक्का तेवढा राहतो.