टॅक्सीतून एक दिवस : ठाणे ते अंबरनाथ

ठाणे, कल्याण, अंबरनाथ ही नावे तुम्ही स्टेशनच्या फलकांवर नेहमी वाचता. पण लोकलच्या खिडकीतून या गावांचा इतिहास दिसत नाही. त्यासाठी खाडीच्या काठाने फिरावे लागते. सुटीच्या दिवशी घरच्या मोठ्या माणसांबरोबर टॅक्सी करा. दिवसाचे भाडे आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या, नाहीतर संध्याकाळी हुज्जत होते!

सकाळी ठाण्यातून निघा. ठाणे ही शिलाहार राजांची राजधानी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने इथल्या चाच्यांबद्दल एक गमतीदार गोष्ट लिहिली आहे. त्यांचा राजाशी करार होता. लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा!

खाडीजवळच ठाण्याचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे त्याचा तुरुंग झाला. आजही तिथे कारागृह आहे, म्हणून तट बाहेरूनच पाहायचा. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथे फाशी दिली गेली. कान्हेरे तेव्हा फक्त अठरा वर्षांचे होते. किल्ला, बुरूज, कैदी, बंदर हे शब्द तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. उर्दूतही ते आहेतच.

आता टॅक्सी कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे वळेल. पुढे कोनगाव लागते आणि दुर्गाडीच्या पुलावर उल्हास नदी पुन्हा भेटते. समोर टेकडीवर दुर्गाडी किल्ला दिसतो. तिथे दुर्गादेवीचे मंदिर आहे आणि ईदगाहही आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. त्यांच्या आरमाराच्या प्रमुखांपैकी एकाचे नाव दौलतखान होते. त्याही आधी, पहिल्या शतकात, एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात कल्याण बंदराचे नाव येते. तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेत, असे लेखक सांगतो. बंदरांची चढाओढ तेव्हाही होती.

कल्याणात जेवण करून लगेच निघा. वाटेत उल्हासनगर लागेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या रिकाम्या लष्करी छावणीत जागा मिळाली. त्या छावणीचेच हे शहर झाले.

अंबरनाथचे शिवमंदिर ऊन असतानाच पाहावे. माझ्या मते सगळ्या दिवसातली हीच सर्वांत मोलाची जागा आहे. आतल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. भिंती काळ्या दगडाच्या आहेत. बाहेरून मंदिराला सावकाश एक फेरी मारा. देवता, नर्तकी, हत्ती, वेलबुट्टी यांवरून ऊन सरकते, तशी एकेक आकृती उठून दिसते. कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून खाली जावे लागते. शेजारून वालधुनी नदी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पाणी इतके खराब झाले आहे, की काठावर उभे राहवत नाही. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी मंदिरासाठी हा काठ निवडला, त्यांना ही नदी ओळखूही येणार नाही.

परतताना डोंबिवली, शिळफाटा, मुंब्रा या वाटेने या. कळव्याच्या पुलावर पुन्हा खाडी लागेल आणि पलीकडे सकाळचा किल्ला दिसेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यालाच थांबली होती. ही खाडी ओलांडून कल्याणला पोहोचायला रेल्वेला १ मे १८५४ उजाडावा लागला.