देहगावची खोती

गिरगावातली खोताची वाडी दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखली जाते. हे नाव ऐकले की आम्हांस कोकणातला खोत आठवतो. गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, एवढेच त्याचे काम. पण पिढ्यान् पिढ्या वसुली करता करता तो स्वतःलाच गावचा धनी समजू लागे. १९४९ च्या कायद्याने ती खोती संपली. आमच्या देहगावची मात्र अजून चालूच आहे!

गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. आत्मा तिथे सुखाने राहतो. काही करीत नाही, करवीतही नाही. मध्येच अहंकार उठतो नि म्हणतो, "मी केलं, माझं गेलं." हेच बंधन. वेदान्त म्हणतो, ही खोती सोड.

मग काय कामधंदा सोडायचा? छे! वसूल चोख करावा, पण तो धन्याच्या पायी घालावा.

मन ऐकत नाही, हे भगवंतांनाही मान्य आहे. सहाव्या अध्यायात त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला. तिथे माउलींनी कुंडलिनीचा योग विस्ताराने वर्णिला. पण बाराव्यात भक्तीची वाट सुलभ केली. आपला अभ्यास म्हणजे नाम. रात्री हरिपाठ झाला की दिवसाचा मान-अपमान विठोबाच्या खाती मांडावा आणि मोकळे होऊन निजावे.

भाविकहो, एवढे तरी आजपासून करू या. रामकृष्णहरि!